बांधावरची पंच

माझी मुलगी अमेरिकेत असते. जावई तिकडेच जन्मलेला, त्यामुळे तिला तिथलं नागरिकत्व लवकर मिळालं. मागच्या महिन्यात एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि बोलत राहिले. नातवाचे दात, तिकडची थंडी असं सगळं झाल्यावर ती हसत म्हणाली की तिला ज्युरीला बोलावलंय. म्हणजे काय गं, असं मी विचारलं तेव्हा तिनं समजावून सांगितलं. तिकडे फौजदारी खटला उभा राहिला की गावातल्याच बारा साध्या माणसांना कोर्टात बसवतात. कुणी मास्तर, कुणी गवंडी, कुणी दुकानदार. सगळं ऐकून घ्यायचं, बघून घ्यायचं, आणि आरोपीनं गुन्हा केला की नाही ते शेवटी त्या बाराजणांनी ठरवायचं. मग म्हणाली, "आई, कोण बसणार तिथं दिवस दिवस? सगळे काही ना काही कारण काढून सुटतात. मी बाळाचं सांगू का पाठदुखीचं?"

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, काही कारण सांगायचं नाहीस, बोलावलंय तर मुकाट्यानं जायचं आणि डोळे उघडे ठेवून बसायचं. एवढ्या मोठ्यानं म्हटलं की बाहेर पेपर वाचत बसलेले आमचे हे आत येऊन बघून गेले. आईचं आता वय झालं, असं तिला वाटलं असणार. फोन ठेवल्यावर मी ओट्याला धरून उभी राहिले आणि आमटी खालून लागली.

तिला काही ठाऊक नाही. ती तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होती, परीक्षा जवळ आलेली, आणि नंतर सांगायचं ते राहूनच गेलं. राहून गेलं कसलं, मीच सांगितलं नाही. आईला लाज वाटते तेव्हा ती लेकराला सांगत नाही, दुसरं काय.

आपल्याकडे ज्युरी नाही. पूर्वी मोठ्या शहरांत असायची, मग बंद केली, हे मला एका सरकारी वकिलांनी कोर्टाच्या बाकावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. आता निकाल न्यायाधीश एकटे देतात. पण साध्या माणसाचं कोर्टातलं काम संपलेलं नाही. आपल्याकडे त्याला पंच म्हणतात. पोलीस एखादी वस्तू शोधायला, जप्त करायला निघाले की दोन त्रयस्थ माणसं बरोबर नेतात. त्या दोघांनी करायचं काहीच नसतं. फक्त बघायचं, आणि जे बघितलं ते कागदावर लिहून झालं की खाली सही करायची. तो कागद म्हणजे पंचनामा. पुढं खटला उभा राहिला की कोर्टात जाऊन तेच सांगायचं. काम एवढंच, आणि मला तेवढंही जमलं नाही.

मी एका सरकारी कचेरीत कारकून होते. तालुका कुठला ते सांगत नाही, कराडच्या खाली, सांगलीच्या बाजूला, कृष्णेच्या पाण्यावर ऊस पिकवणारा म्हणा. आमच्या घरचाही ऊस आहे आणि माहेरचाही. आमचे हे फौजेत सुभेदार होते, निवृत्त होऊन आले आणि शेतीला लागले. म्हणजे मी जन्मापासून उसाच्या फडात वाढलेली बाई. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते शहरातल्या बाईच्या हातनं झालं असतं तर एकवेळ समजून घेता आलं असतं.

मोठा गुन्हा असला की पोलीस पंच म्हणून सरकारी नोकर मागतात. गावातले पंच दबावाखाली येतात, कोर्टात फिरतात. मग ठाण्यातनं आमच्या साहेबांना पत्र यायचं, दोन कर्मचारी पाठवा. ते पत्र आलं की कचेरीत काय धांदल उडायची. एकाचं बीपी वाढायचं, दुसऱ्याचं ऑडिट निघायचं, तिसरा तर पत्र बघूनच डबा घेऊन मागच्या दारानं गुल व्हायचा. मीही दोनदा अशी सुटले होते. एकदा गुडघा, एकदा सासूबाई.

त्या दिवशी मात्र मला निमित्त नव्हतं. संक्रांत होऊन गेली होती, माझ्याकडे संध्याकाळी हळदीकुंकू होतं आणि मी अर्धा दिवस रजा मागितली होती. काळी इरकल नेसूनच कचेरीत गेले होते. रेशमी, लाल काठाची. ह्यांना पेन्शन लागली तेव्हा त्यांनी घेतलेली, माझी सगळ्यात लाडकी. साहेबांनी रजेचा अर्ज आणि पोलिसांचं पत्र दोन्ही शेजारी ठेवलं आणि म्हणाले की जीप इथनंच जाणार आहे, तेवढा पंचनामा उरका आणि तिकडूनच घरी जा. मला ते सोयीचंच वाटलं. बसची वाट बघायला नको. माझ्याबरोबर आमचा शिपाई होता, निवृत्तीला आलेला, दम्यानं बेजार झालेला साधा माणूस.

काय घडलं होतं ते जीपमध्ये कळलं. वडूजच्या पलीकडं, तिकडच्या कोरड्या भागातले मेंढरंवाले दरवर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं उतरतात. त्यांच्याकडं चारा नसतो आणि आमच्या रिकाम्या रानांना लेंडीखत हवं असतं. म्हणून शेतकरी त्यांची मेंढरं चार-पाच दिवस शेतात बसवून घेतात. दोघांचं भागतं. त्यांतल्या एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा कॅनॉलच्या कडेला मरून पडलेला सापडला होता. डोकं फुटलेलं. त्याच्या दोन मेंढ्या उभ्या उसात शिरल्या होत्या, त्या काढायला तो गेला होता. पंचवीस वर्षांचा, लग्नाला एक वर्ष झालेला. ज्याचा ऊस, त्याच्या पोरावर संशय होता, कारण तो त्या वेळी उसाला पाणी पाजत होता. मारताना कुणी बघितलं नव्हतं. पण पोलीस म्हणत होते की तो कबूल झालाय. ज्या खोऱ्यानं त्यानं मारलं ते त्यानं उसात पाचटाखाली, खाली पडलेल्या वाळक्या पानांत लपवलंय, आणि आज तो ते स्वतः काढून दाखवणार आहे. आम्ही दोघांनी तेच बघायचं होतं.

आरोपीचं गाव आमच्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर. त्या घराशी आमचं नातं नव्हतं, पण लग्नकार्यात दिसतात ना, तशी ती माणसं. पोरगं जीपमध्ये माझ्यासमोर बसलं होतं, दोन पोलिसांच्या मधे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलासारखं दिसत होतं. मी त्याच्याकडं नीट बघितलंच नाही. बघावंसं वाटेना.

जीप बांधाला थांबली. सतरा महिन्यांचा आडसाली ऊस, दोन्ही बाजूंना भिंतीसारखा उभा, मधेच लोळलेला. सकाळीच पाणी दिलेलं, बांधाला नुसता चिखल. मी खाली पाय ठेवला तो चिखलातच. एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं निऱ्या वर धरल्या आणि खाली बघत बघत कोरडी जागा शोधली. तेवढ्यात फोन वाजला. जाऊबाई विचारत होत्या की वाणाला वाट्या आणल्यात त्या स्टीलच्या द्यायच्या का पितळेच्या. मी म्हटलं, स्टीलच्या. फोन बंद करून वर बघते तो हवालदार समोर उभा. म्हणाला, "मॅडम, तुमी हितंच थांबा. आत पाचटात काय असतंय नसतंय. साडी चांगली हाय तुमची." मला बरं वाटलं. खरं सांगते, मनापासून बरं वाटलं. शिपाई तर आधीच बांधावर बसून खोकत होता. उसाच्या पानाची धार काय असते ते मला कुणी सांगायला नको, लहानपणी हात सोलून घेतलेत. ती रेशमी साडी घेऊन मी कशाला आत मरायला जाऊ?

बाकीची माणसं तोवर आत शिरली होती, हवालदारही त्यांच्या मागं गेला. ऊस हलताना दिसला, मग तोही दिसेना. आतून बोलणं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "हितं." मग बाहेर आले तेव्हा हवालदाराच्या हातात कापडात गुंडाळलेलं खोरं होतं. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी भराभरा लिहिलं. पंचांसमक्ष आरोपी पुढे चालत गेला, आम्ही त्याच्या मागे गेलो, त्याने चाळीस फूट आत पाचट बाजूला करून खोरे काढून दिले. मी खाली सही केली, शिपायानंही केली. वाचलं का? वरवर डोळे फिरवले. साडेचार वाजले होते आणि बायका सहाला येणार होत्या.

हळदीकुंकू फार छान झालं. साडीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

त्यानंतर चार वर्षं काही नाही. मला वाटलं, मिटलं. मग समन्स आलं. तोपर्यंत आमचा शिपाई बिचारा दम्यानं गेला होता. म्हणजे त्या खोऱ्यापाशी आरोपी स्वतः गेला हे सांगणारी पोलिसांखेरीज एकटी मीच उरले. तारखेच्या आदल्या दिवशी ठाण्यातला एक माणूस घरी पंचनाम्याची प्रत देऊन गेला. जरा वाचून ठेवा, असं म्हणाला. मी वाचलं, आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी कशावर सही केलीय. मी आत गेल्याचं त्यात लिहिलं होतं. मी आरोपीच्या मागं चालत गेले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं पाचट बाजूला केलं होतं.

ह्यांना सांगितलं. आमच्या ह्यांचं बोलणं फौजेतलं, सरळ. म्हणाले, वकिलाला आत जायच्या आधीच खरं ते सांगून टाक, पुढं त्याचं तो बघेल. मीही तेच ठरवलं होतं. कोर्टात पोचेपर्यंत ठरलेलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती म्हातारी बसली होती. मेलेल्या पोराची आई. तोवर मी तिला कधी बघितलं नव्हतं. हिरवं लुगडं, हातात कोपरापर्यंत गोंदलेलं, पायाशी पिशवी. ती दर तारखेला यायची, दोन एसट्या बदलून. मेंढरं सुनेवर टाकून. मी पंच आहे हे तिला शिरस्तेदारानं सांगितलं असावं. ती उठली, माझ्याजवळ आली, हात धरला. तिचा हात खडबडीत आणि गार होता. म्हणाली, "बाई, तुमी बघितलंय म्हनं. तेवढं सांगा. आमच्याकडं दुसरं कोन न्हाई." मी मान हलवली. काय करणार? नाही कशी म्हणू? त्या क्षणी मी ठरवून टाकलं की कागदात आहे तसंच बोलायचं. वकिलांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, मी तिच्यासाठी करतेय. चार वर्षांपूर्वी साडीसाठी चिखलात उतरले नाही, त्याची भरपाई खोटं बोलून करते, अशी माझी अक्कल.

शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं आणि मी धडाधड सांगितलं. आरोपी पुढे, आम्ही मागे, चाळीस फूट, पाचट, खोरं. एवढं स्वच्छ सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. म्हातारी मागच्या बाकावर होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि माझ्याकडं बघत होती.

मग आरोपीचे वकील उठले. वय झालेले, हळू बोलणारे गृहस्थ, जाड चष्मा. मला वाटलं होतं कायद्याचं काहीतरी विचारतील. त्यांनी हसून विचारलं, "बाई, त्या दिवशी साडी कुठली होती तुमच्या अंगावर?" सरकारी वकील म्हणाले की याचा काय संबंध. न्यायाधीशांनी विचारू दिलं. मी म्हटलं, काळी इरकल. रेशमी का? रेशमी. एवढं कसं लक्षात राहिलं? त्या दिवशी माझ्याकडं हळदीकुंकू होतं. आहे का अजून ती? आहे. नेसता? दर संक्रांतीला नेसते. मग त्यांनी अगदी घरगुती आवाजात विचारलं, "कुठं फाटली, धागे निघाले, रफू केली, असं काही?" आणि मी, अगं बाई, काय बाई मी! मला वाटलं माझ्या टापटिपीचं विचारतायत. मी ताठ मानेनं सांगितलं, "मुळीच नाही. नव्यासारखी आहे."

ते न्यायाधीशांकडं वळले आणि म्हणाले, "साहेब, आडसाली ऊस, लोळलेला. बाई रेशमी साडीत चाळीस फूट आत गेल्या आणि साडीचा एक धागा निघाला नाही."

कोर्टात बसलेले सगळे आमच्याच भागातले. कुणीतरी हसलं. त्यातल्या शाळकरी पोरालासुद्धा कळलं असतं. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं आणि पहिल्यांदाच थेट माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही उसात आत गेला होता का? नीट आठवून सांगा." आठवायला काय होतं त्यात? मी म्हणाले, "नाही, साहेब. मी बांधावर होते." मग आधी सांगितलं ते? त्यांनी फार काही ऐकवलं नाही. जा म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

बाहेर सरकारी वकील आले. चिडलेले नव्हते, थकलेले होते. म्हणाले की सकाळी मला एवढंच सांगितलं असतंत, मी बांधावर होते, तर मी तुम्हाला बांधावरच उभं केलं असतं. तिथून जेवढं दिसलं, ऐकू आलं तेवढंच तुम्ही सांगायचं. कोण पुढं गेलं, कोण मागं. तेवढंही पुरलं असतं कदाचित. आता तुमचं काहीच धरता येणार नाही. मी पायऱ्यांवर बसले आणि आठवायला लागले, कोण पुढं गेलं होतं? आणि मला आठवेना. कारण मी बघितलंच नव्हतं. ती माणसं उसात शिरत होती तेव्हा मी खाली बघत होते, निऱ्या चिखलाला लागू नयेत म्हणून. नंतर फोनवर वाट्यांचं ठरवत होते. पोरगं पुढं होतं की पोलीस, "हितं" असं पोरगं म्हणालं की हवालदार, मला ठाऊक नाही. बांधावरची पंच म्हणूनसुद्धा मी नापास.

निकाल तीन-चार महिन्यांनी लागला. संशयाचा फायदा देऊन पोरगं सुटलं. निकालात बाकीही बरंच काही असणार, एकट्या माझ्यामुळं सुटलं असं वकील म्हणाले नाहीत. पण मला काय ते कळतं.

खरी नरडी आवळली ती पुढं. गावातल्या बायका मला म्हणायला लागल्या की बरं झालं बाई, आपल्यातलं पोरगं वाचलं. एकीनं तर डोळा घालून विचारलं, मुद्दामच बोललीस ना तसं? एक दिवस त्या पोराचा चुलता पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा. माणूस वाईट नव्हता, हात जोडून उभा होता. त्याला वाटत होतं मी उपकार केलेत. मी पुडा त्याच्या हातात परत कोंबला आणि दार लावून घेतलं. हे आतून बघत होते. जेवताना एवढंच म्हणाले की फौजेत पहाऱ्यावरचा जवान जागा सोडून बसला तर त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण घरात बोलत नाही. मी ताट सरकवून उठले. राग त्यांच्यावर नव्हताच.

आता पोलीस मोबाईलवर शूटिंग करतात म्हणे, कायदाच झालाय तसा. बरं झालं. मोबाईलला साडी नसते.

ती इरकल मी त्यानंतर नेसले नाही. कुणाला दिलीही नाही. ट्रंकेत आहे.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात ओढ्याकडच्या रानात मेंढरं बसली होती. आमची दूधवाली बोलता बोलता म्हणाली की त्यांच्यात ती कोर्टवाली म्हातारी आहे. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, कामाचं निमित्त नाही, गुडघा बरा, सासूबाई नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा केली आणि गेले.

तिनं मला लांबूनच ओळखलं. पार वाकली होती, पण नजर तीच. आल्या माणसाला बस म्हणावं तसं तिनं घोंगडं पसरलं आणि बसा म्हणाली. सुनेनं चहा ठेवला. सून अजून तिच्याकडंच होती, दुसरं लग्न केलं नव्हतं. मी इकडतिकडचं काही बोलू शकले नाही. एकदम म्हणाले, मावशी, मी तुमचं वाटोळं केलं, मी उसात गेलेच नव्हते आणि खोटं बोलले. ती म्हणाली, ठावं हाय, मी हुते की तितं. चहा आला, मी प्याले.

मग ती माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "बाई, आता कोर्ट न्हाई, वकील न्हाई. मला येकच सांगा. त्या दिशी उसात शिरताना फुडं कोन हुतं? त्यो पोरगा, का पोलीस?"

मी विचारलं, आता कशाला, मावशी? तेव्हा तिनं सांगितलं. दरवर्षी मेंढरं घेऊन त्या गावावरनं जावं लागतं. तो फाट्यावर बसलेला असतो, आता त्याला पोरगं आहे, त्याला खांद्यावर घेऊन उभा असतो. तिला बघून तो मान खाली घालतो. "त्यानं मारलं म्हनून घालतोय का बिनकारनी जेलात बसला म्हनून घालतोय, मला कळंना झालंय," ती म्हणाली. "मारलं असंल तर त्याचं वाटुळं व्हवं म्हनीन मी. पर नसंल मारलं तर? त्याचंबी लेकरू हाय. मी मरायला टेकली. शिव्या द्यायच्या तरी कुनाला, तेवढं कळू द्या." 

पोरगा पुढं होता, असं मी म्हणू शकले असते. दोन शब्दांचं काम होतं, ते ऐकायला ती आठ वर्षं थांबली होती. पोलीस पुढं होते असं म्हटलं असतं तरी तिचं मन कुठंतरी टेकलं असतं. पण तिच्यापुढं मला पुन्हा खोटं बोलवेना, आणि खरं तर माझ्याकडं नव्हतंच.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "मी बघितलं नाही."

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. राग नव्हता त्यात, नुसतं नवल. म्हणाली, "तुमास्नी तर बघायालाच नेलं हुतं न्हवं?"

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिनं सुनेला पेला उचलायला सांगितला आणि काठी टेकून उठली. तेवढ्यात मेंढरं ओढ्यावरनं पाणी पिऊन परत आली, पाय चिखलानं भरलेले, आणि आमच्या दोन्ही अंगांनी घुसायला लागली. म्हातारीनं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. आल्यागेल्याला म्हणावं तसंच म्हणाली, त्यात टोमणा नव्हता, तिच्या मनातही नसेल.

"सरा, बाई. साडी सांबाळा."

आणि मी सवयीनं खाली बघितलं, आणि निऱ्या उचलून धरल्या.